ट्रॅव्हल ट्रेलरच्या आत बसवलेला व्होल्टेज बूस्टर : दोन उन्हाळ्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

कमी विद्युतदाब वाढवून देणारे हे यंत्र घ्यायचे ठरले त्या दुपारी आमच्या ट्रेलरमधला, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरातला, एअर कंडिशनर तासाभरात तीन वेळा बंद पडला. कॅम्पग्राउंड पूर्ण भरलेले होते, जवळजवळ प्रत्येक ट्रेलरच्या छतावरचा कॉम्प्रेसर चालू होता आणि आमच्या पॅनेलशेजारचा व्होल्टमीटर १०८ वरून १०५ वर आणि तिथून १०३ वर उतरत होता. पुरवठ्यावर लक्ष ठेवणारे ईएमएस यंत्र आमच्याकडे आधीपासून आहे. दाब १०४ व्होल्टच्या खाली गेला की ते वीज तोडते आणि दाब सावरल्यावर दोन-अडीच मिनिटे थांबून पुन्हा जोडते. वीज तुटली की आमचा भार निघून जाई, त्यामुळे दाब वर येई, वीज जोडली जाई, कॉम्प्रेसर सुरू होई आणि दाब पुन्हा खाली येई. ईएमएस आपले काम चोख करत होते, पण आत बसलेल्या माणसांचा उकाडा त्याने कमी होत नव्हता.

उत्तर अमेरिकेत घरगुती पुरवठा १२० व्होल्टचा धरला जातो आणि तिथल्या विद्युतदाबाच्या मानकानुसार, म्हणजे एएनएसआय सी ८४.१ नुसार, ग्राहकाच्या जोडणीपाशी नेहमीच्या स्थितीत ११४ ते १२६ व्होल्ट मिळायला हवेत. कॅम्पग्राउंडमध्ये मात्र त्या जोडणीपासून पुढे लांबलचक भूमिगत तारा असतात. त्यांची रचना करताना सगळ्या जागा एकाच वेळी पूर्ण भार घेणार नाहीत असे गृहीत धरलेले असते आणि अनेक ठिकाणी ही रचना छतावरचे एअर कंडिशनर सर्वसामान्य होण्यापूर्वीची आहे. परिणामी ऐन उन्हाळ्यात, दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान, पेडेस्टलवरच, म्हणजे ट्रेलरची केबल जिथे जोडतात त्या वीजखांबावरच, १०५ व्होल्ट दिसणे ही काही दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही. कमी दाबाचा सर्वाधिक फटका मोटरला बसतो. मोटरचा पीळ, म्हणजे फिरवण्याची ताकद, दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून १२० ऐवजी १०३ व्होल्ट मिळाले तर तो सुमारे पाऊणच उरतो. अशा वेळी कॉम्प्रेसर सुरू होताना अडखळतो, सुरू झालाच तर जास्त प्रवाह ओढतो आणि तापतो. अशा कित्येक दुपारींनंतर त्याच्या वेटोळ्यांवरचे आवरण आयुष्य संपण्याआधीच निकामी होते.

मी घेतलेले यंत्र ३० अँपिअरच्या ट्रेलरसाठीचे आहे. कंपनीचे नाव इथे देत नाही, कारण या वर्गातल्या यंत्रांची मूळ रचना जवळपास सारखीच असते आणि माझा बहुतेक अनुभव हा ते आत बसवण्याचा व वापरण्याचा आहे. आत लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तांब्याच्या वेटोळ्यांचा ऑटोट्रान्सफॉर्मर आहे, त्याला दाब मोजणारे सर्किट आणि रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, जोडलेले आहेत. येणारा दाब ठरावीक पातळीच्या खाली गेला की रिले टॅप, म्हणजे वेटोळ्यावरची जोडणीची जागा, बदलतो आणि बाहेर जाणारा दाब येणाऱ्या दाबापेक्षा दहा टक्क्यांनी वाढतो. म्हणजे १०५ व्होल्ट आले तर ११५.५ व्होल्ट मिळतात, १०३ आले तर ११३.३ मिळतात. दाब सावरला की यंत्र आपोआप जवळजवळ सरळ जोडणीवर परत येते. ही शेवटची गोष्ट खरेदी करताना अवश्य पाहावी. जे यंत्र सदैव दहा टक्के वाढवत राहते, ते रात्री सगळ्यांचे एअर कंडिशनर बंद झाल्यावर आलेल्या १२१ व्होल्टचे १३३ करून ठेवील, आणि त्या दाबावर आतल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांना कमी दाबाहून मोठा धोका संभवतो.

आपल्याला घरातल्या स्टॅबिलायझरची सवय असल्यामुळे अनेकांची अशी समजूत होते की हे यंत्र कुठून तरी जास्तीची वीज निर्माण करते. तसे ते करत नाही. दाब दहा टक्के वाढवायचा तर पेडेस्टलकडून घेतला जाणारा प्रवाह, ट्रेलरला मिळणाऱ्या प्रवाहापेक्षा दहा टक्क्यांनी अधिकच असतो. पेडेस्टलवरचा ब्रेकर ३० अँपिअरचा असेल तर बूस्टर काम करत असताना आत फार तर २७ अँपिअर वापरता येतात, आणि दीर्घकाळ चालणारा भार ब्रेकरच्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांत, म्हणजे २४ अँपिअरमध्ये ठेवायचा तर आतला भार २२ अँपिअरपेक्षाही थोडा कमी ठेवावा लागतो. हा हिशेब माहितीपुस्तिकेत अगदी शेवटच्या पानावर, तोही अर्ध्या वाक्यात दिलेला आहे. तो पहिल्या पानावर हवा होता.

भाराचा प्रकारही इथे महत्त्वाचा ठरतो. आमच्या पाणी तापवण्याच्या टाकीतील विजेचा एलिमेंट १४४० वॅटचा आहे, म्हणजे १२० व्होल्टवर तो १२ अँपिअर घेतो आणि त्याचा रोध १० ओहम येतो. १०५ व्होल्टवर बूस्टरशिवाय तो १०.५ अँपिअर घेतो आणि सुमारे ११०० वॅट उष्णता देतो. पाणी तापायला थोडा अधिक वेळ लागतो एवढेच, एलिमेंटचे काही बिघडत नाही. बूस्टर लावला की त्याला ११५.५ व्होल्ट मिळतात, तो ११.५५ अँपिअर घेतो आणि पेडेस्टलवरून मात्र १२.७ अँपिअर ओढले जातात. ही वाढ एकवीस टक्क्यांची आहे आणि ती आधीच वाकलेल्या पुरवठ्यावर पडते. कॉम्प्रेसरचे गणित वेगळे आहे. योग्य दाब मिळाला की मोटर कमी प्रवाहात तेवढेच काम करते, त्यामुळे पेडेस्टलवरचा प्रवाह बूस्टरमुळे फारसा वाढत नाही. म्हणून माझ्या मते हे यंत्र एअर कंडिशनरसाठी घ्यावे. कमी दाबाच्या वेळी पाण्याची टाकी आणि शोषण पद्धतीचा फ्रिज गॅसवर चालवावेत आणि विजेचा हीटर तर लावूच नये.

खरेदीपूर्वी एक काम मी केले, आणि ते प्रत्येकाने करावे असे मनापासून वाटते. कमी दाब नेमका कुठे तयार होतो हे मी शोधले. आधी भाराशिवाय, मग एअर कंडिशनर चालू असताना, पेडेस्टलवर आणि ट्रेलरच्या पॅनेलवर असे चार वेळा दाब मोजले. आमची केबल १० गेजची आणि २५ फुटांची आहे. जाणारी व येणारी मिळून ५० फूट तार धरली तर तिचा रोध ओहमच्या विसाव्या भागाइतका असतो, आणि २५ अँपिअरवर तिच्यात सव्वा व्होल्टच गळायला हवा. प्रत्यक्षात जवळपास चार व्होल्ट गळत होते. प्लग काढून पाहिला तेव्हा त्याचे एक पाते काळवंडलेले आणि भोवतीचे प्लास्टिक पिवळे पडलेले आढळले. प्लग बदलल्यावर अडीच व्होल्ट तिथेच परत मिळाले. या स्थितीत मी आधी बूस्टर लावला असता तर मीटरवर समाधानकारक आकडा दिसला असता आणि त्या सैल जोडणीतून पूर्वीपेक्षा अधिक प्रवाह जाऊन ती जास्त तापली असती. ज्याच्या जोडणीत दोष आहे त्याच्यासाठी हे यंत्र उपाय नाही, उलट ते दोष झाकते.

उत्पादकाने हे यंत्र पेडेस्टलजवळ जमिनीवर ठेवूनही वापरता येईल असे बनवले आहे, कारण त्याचे खोके पाऊस सोसणारे आहे. तरीही मी ते आत बसवण्याचे ठरवले. बाहेर ठेवलेले महागडे यंत्र चोरीला जाण्याची काळजी सतत राहते, दर मुक्कामाला हे जड ओझे काढा-ठेवायचा कंटाळा येतो, आणि पावसात चिखलात पडलेल्या दोन जास्तीच्या प्लग-जोडण्या मला सुरक्षित वाटत नाहीत. आत बसवण्याचे हे फायदे खरे आहेत. त्याबरोबर येणाऱ्या जबाबदाऱ्या मात्र विक्रेते सांगत नाहीत.

जागा निवडताना पहिल्या खेपेला माझी चूक झाली. पुरवठ्याची केबल बाहेरच्या इनलेटमधून पॅनेलकडे पलंगाखालून जाते, म्हणून कमीत कमी तार कापावी लागेल या विचाराने यंत्र पलंगाखालीच बसवले. रात्री ६० हर्ट्झच्या पुरवठ्यावर गाभ्याची गुणगुण प्लायवूडच्या फरशीतून थेट गादीपर्यंत पोहोचत होती, आणि रिले बदलताना होणारा टक् असा आवाज झोपमोड करत होता. त्याहून गंभीर बाब उष्णतेची होती. पूर्ण भारावर यंत्राचे खोके हाताला चांगलेच गरम लागते, आणि पलंगाखाली हवा खेळायला वाट नव्हती, उलट पांघरुणांच्या पिशव्या त्याला टेकत होत्या. दोन मुक्कामांनंतर ते तिथून काढून पुढच्या आरपार सामानकप्प्यात हलवले, कप्प्याच्या आतल्या भिंतीला खाली एक व वर एक अशा दोन जाळ्या बसवल्या आणि यंत्राभोवती चारही बाजूंना तळहाताएवढी मोकळी जागा राहील असा लाकडी कठडा केला, म्हणजे सामान सरकून त्यावर येणार नाही. ज्या कप्प्यात लेड-अ‍ॅसिड बॅटरी आहे तिथे हे यंत्र कधीही बसवू नये. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो आणि रिलेच्या संपर्कबिंदूंवर ठिणगी पडू शकते. गॅसच्या टाक्या असलेल्या जागेलाही हाच नियम लागू आहे.

वजनामुळे बसवणीत आणखी एक प्रश्न येतो. लोखंडी गाभ्याचे हे खोके लाकडात बसणाऱ्या नुसत्या स्क्रूंनी पातळ प्लायवूडवर बसवले तर खडबडीत रस्त्यावर काही शे मैलांत स्क्रू सैल होतात, आणि जोराचा ब्रेक लागला की ते कप्प्यातून सुटून तारा तोडील. मी फरशीखाली पोलादी पट्टी घेऊन आरपार बोल्ट टाकले, नायलॉन कडीचे नट वापरले आणि खोक्याच्या पायांखाली रबरी वॉशर ठेवले. त्यांनी गुणगुणही बरीच कमी केली. भोक पाडण्यापूर्वी फरशीखाली पाण्याची टाकी, नळ किंवा तारा जात नाहीत ना, हे ट्रेलरखाली झोपून पाहावे लागते, कारण वरून काहीच दिसत नाही. पुढच्या कप्प्यात भर पडलेले वजन हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या भागावर, येते, त्यामुळे आधीच मर्यादेजवळ असलेल्यांनी त्याचा हिशेब करावा.

तारांच्या जोडणीचे काम मी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेतले आणि स्वतः शेजारी बसून पाहिले. सुरू करण्यापूर्वी पेडेस्टलवरून केबल काढली, मुख्य ब्रेकर बंद केला आणि इन्व्हर्टरही बंद केला, कारण बाहेरची वीज नसली तरी तो आतल्या तारांत १२० व्होल्ट आणू शकतो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात राहत नाही. फेज, न्यूट्रल आणि अर्थ या तिन्ही तारा १० गेजच्याच वापरल्या, खोक्यात शिरताना केबल पकडणारे क्लॅम्प बसवले आणि टर्मिनलचे स्क्रू पुस्तिकेत दिलेल्या पिळाइतकेच, पीळ मोजणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने आवळले. अर्थची तार कुठेही न तोडता सलग गेली पाहिजे आणि ट्रेलरमध्ये न्यूट्रल व अर्थ एकमेकांना जोडलेले नसावेत, हे काम संपल्यावर पुन्हा मीटरने तपासले. ऑटोट्रान्सफॉर्मर आत येणारी व बाहेर जाणारी बाजू एकमेकींपासून विलग करत नाही, म्हणून पेडेस्टलच्या जोडणीतच फेज-न्यूट्रलची अदलाबदल असेल किंवा अर्थ तुटलेला असेल तर तो दोष जसाच्या तसा ट्रेलरच्या पत्र्यापर्यंत पोहोचतो.

यंत्रे जोडण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आमच्याकडे आता पेडेस्टलवर सर्ज प्रोटेक्टर (अचानक उसळणाऱ्या दाबापासून बचाव करणारे यंत्र), त्यानंतर बूस्टर आणि त्याच्यापुढे ट्रेलरच्या आतले ईएमएस असा क्रम आहे. ईएमएस बूस्टरच्या आधी असते तर पेडेस्टलवरचे १०३ व्होल्ट पाहून त्याने वीज तोडली असती आणि बूस्टरला आपले काम करायची संधीच मिळाली नसती. आता तेच ईएमएस ११३ व्होल्ट पाहते आणि शांत राहते. ज्यांच्याकडे जनरेटर आहे त्यांनी बूस्टर, बाहेरची वीज आणि जनरेटर यांत अदलाबदल करणाऱ्या ट्रान्सफर स्विचच्या आधी, फक्त बाहेरच्या पुरवठ्याच्या बाजूला ठेवावा, कारण जनरेटरची वीज त्यातून नेण्याचे काही कारण नाही.

माझ्या दृष्टीने या संपूर्ण बसवणीतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे बायपास. पुस्तिकेत यंत्र थेट तारांनी जोडण्याची पद्धत दिली आहे, पण आम्ही तसे केले नाही. इनलेटकडून आलेल्या केबलच्या टोकाला ३० अँपिअरचे सॉकेट आणि पॅनेलकडे जाणाऱ्या केबलच्या टोकाला त्याच मापाचा प्लग लावला. दोन्ही टोके सामानकप्प्यातच हाताशी आहेत आणि बूस्टर त्यांच्या मध्ये जोडलेला असतो. तो बिघडला किंवा नको असला तर दोन मिनिटांत काढून प्लग सरळ सॉकेटमध्ये घालता येतो. यामुळे जोडणीची दोन ठिकाणे वाढली हे खरे, आणि ती प्रत्येक मुक्कामात एकदा हात लावून गरम होत नाहीत ना ते पाहावे लागते, तरीही हा व्यवहार मला फायद्याचा वाटतो.

बायपासची गरज आणखी एका कारणाने पडते. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमधील ५५१ हे कलम अशा वाहनांविषयी आहे आणि त्यातील ५५१.२० मध्ये, बॅटरी व १२० व्होल्ट अशा मिश्र वीजव्यवस्थेच्या संदर्भात, ऑटोट्रान्सफॉर्मर वापरू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. हे बंधन वाहनाच्या आत कायम जोडलेल्या व्यवस्थेला आहे, प्लगने जोडलेल्या सुट्या यंत्राला लागू होत नाही, असा अनेकांचा अर्थ आहे, तर काही कॅम्पग्राउंड याच वाक्याचा आधार घेऊन बूस्टरवर सरसकट बंदी घालतात. त्यांची तक्रार निराधार आहे असे मला म्हणवत नाही. रांगेतल्या दहा ट्रेलरांनी बूस्टरसह हीटर आणि पाण्याच्या टाक्या चालवल्या तर अकराव्याचा दाब आणखी खाली जाईल. आम्ही नोंदणी करतानाच विचारतो आणि जिथे मनाई असेल तिथे यंत्र काढून ठेवतो. ज्यांनी ते थेट तारांनी जोडले आहे त्यांना ही सोय नाही, शिवाय पुढे ट्रेलर विकताना किंवा विम्याचा दावा करताना या कलमाचा प्रश्न उभा राहू शकतो, याचा विचार त्यांनी आधीच करावा.

दोन उन्हाळ्यांत यंत्राने अपेक्षित काम नीट केले. पेडेस्टलवर १०५ ते १०७ व्होल्ट असलेल्या दुपारी आत ११५ ते ११८ व्होल्ट मिळाले, कॉम्प्रेसर पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला आणि ईएमएसने एकदाही वीज तोडली नाही. १०० व्होल्टच्या खाली गेलेल्या एका संध्याकाळी मात्र बूस्टरलाही मर्यादा आली. त्या वेळी एअर कंडिशनर बंद ठेवणे एवढाच योग्य मार्ग होता आणि आम्ही तेच केले. एअर कंडिशनरला सॉफ्ट स्टार्ट नसेल तर ज्यांना दोन्हीपैकी एकच घेता येईल त्यांनी आधी तो घ्यावा, असे मी सांगेन, कारण कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी लागणारा मोठा प्रवाह तो बराच कमी करतो आणि दाब तात्पुरता कोसळण्याचे मुख्य कारणच दूर होते. दाब सतत कमी राहत असेल तर मात्र सॉफ्ट स्टार्ट पुरेसा नाही, तिथे बूस्टरच लागतो.

तक्रारी दोन आहेत. येणारा दाब टॅप बदलण्याच्या पातळीच्या आसपास घोटाळत असेल तर रिले पुन्हा पुन्हा बदलत राहतो आणि प्रत्येक वेळी दिवे क्षणभर लुकलुकतात. वर जाताना आणि खाली येताना बदलाच्या पातळ्यांत आणखी दोन-तीन व्होल्टांचे अंतर ठेवले असते तर हे टळले असते, आणि रिलेचे आयुष्यही वाढले असते. दुसरी तक्रार दर्शक दिव्यांची आहे. यंत्र वाढवत आहे की सरळ जोडणीवर आहे हे दाखवणारा दिवा खोक्याच्या पुढच्या बाजूला आहे आणि आत बसवल्यावर तो सामानकप्प्याच्या बंद दारामागे जातो. आत बसवण्यासाठी म्हणून जे जोडसाहित्य वेगळे विकले जाते, त्यात बाहेर लावता येईल असा दर्शक असायला हवा होता. मी स्वयंपाकाच्या ओट्याजवळच्या सॉकेटमध्ये कायमचा व्होल्टमीटर लावून ही उणीव भरून काढली, पण तो फक्त बूस्टरनंतरचा दाब दाखवतो. पेडेस्टलवरचा दाब पाहायला अजूनही सर्ज प्रोटेक्टरपर्यंत बाहेर जावे लागते.

५० अँपिअरच्या ट्रेलरवर मी हे यंत्र वापरलेले नाही. तिथे दोन फेज असतात, प्रत्येकाचा दाब वेगळा वाढवावा लागतो आणि यंत्र त्या मानाने मोठे व जड येते, त्यामुळे जागा आणि हवा यांचा प्रश्न अधिक कठीण असेल. आमच्या ३० अँपिअरच्या ट्रेलरसाठी मी हेच यंत्र पुन्हा घेईन, मात्र थेट सामानकप्प्यात आणि बायपाससहच बसवीन. या हंगामाच्या सुरुवातीला टर्मिनलचे स्क्रू पुन्हा मोजून आवळले, तेव्हा सहापैकी दोन किंचित सैल झालेले आढळले, म्हणून आता ही तपासणी वर्षातून एकदा न ठेवता प्रत्येक लांबच्या प्रवासानंतर करते.